डायनासोर न्हाईत ते

नांदेडच्या एका महाविद्यालयात मी प्राणिशास्त्र शिकवते. माझा प्रबंध गोदावरीतल्या माशांच्या पोटातल्या कृमींवर होता. माझं लग्न ठरत होतं तेव्हा पाहुण्यांना हा विषय कसा सांगायचा, या विचारानं माझ्या आईची फार पंचाईत झाली होती. शेवटी तिनं “माशांचं काहीतरी करते” एवढ्यावर भागवलं. वर्गात मला शिकवावं लागतं मात्र सगळंच. बेडूक, झुरळ, माणसाचं हृदय, आणि वर्षातून दोन तास जुन्या काळातले नामशेष झालेले प्राणी. त्या दोन तासांत मी फळ्यावर एक लांब मानेचा, वल्ह्यासारख्या पायांचा प्राणी काढायची आणि म्हणायची, “हे समुद्रातले डायनासोर.” मुलं वह्यांत तेच लिहून घ्यायची. कितीतरी वर्षं मी हे असं म्हणत आले.

टाळेबंदी उठून शाळा पुन्हा रुळावर आल्या, त्यानंतरच्या एका हिवाळ्यात लातूरला विज्ञान प्रदर्शन होतं. परीक्षक म्हणून मला बोलावलं. लातूरला माझं अकरावी-बारावी झालेलं. वसतिगृहाच्या खोलीत फेऱ्या मारत मी तिथं पुस्तकंच्या पुस्तकं पाठ केली होती, त्यामुळे त्या शहरात उतरले की आजही कुणीतरी काहीतरी विचारील आणि मला ते आठवणार नाही, अशी धास्ती वाटते. त्या दिवशी ती खरी ठरणार होती, हे अर्थातच तेव्हा माहीत नव्हतं.

एका शाळेच्या सभागृहात टेबलांच्या रांगा लावल्या होत्या. माझ्याबरोबर दुसरे परीक्षक होते ते लातूरचेच, भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. सिरिंज आणि नळ्या जोडून केलेल्या जेसीबी, ठिबक सिंचन, ओला कचरा आणि सुका कचरा ओळखणारे डबे, असं सगळं पाहत आम्ही शेवटच्या रांगेत आलो आणि दोघंही थांबलो.

टेबलावर तीन प्राणी होते. कळकाच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर पोत्याचं तरट, त्यावर वर्तमानपत्राच्या लगद्याचा लेप आणि वर रंग. एकाची मान अंगापेक्षा लांब, चार वल्ही पसरलेली. दुसरा थेट माशासारखा, लांब चोच आणि मोठाले डोळे. तिसरा टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पोचलेला, जबडा वासलेला, आणि त्या जबड्यात ज्वारीच्या धाटाचे तिरपे काप करून बसवलेले दात. मी तोवर पाहिलेल्या एकाही मॉडेलचे दात मला हात लावून बघावेसे वाटले नव्हते. याचे वाटले. पुढं हातानं लिहिलेली पाटी होती: ‘समुद्रातले सरपटणारे प्राणी, जे सरपटत नव्हते.’

टेबलामागं आठवीतल्या दोन मुली उभ्या होत्या. मुखेड तालुक्यातल्या एका खेड्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या. एक उंच आणि गप्प. दुसरी बुटकी, दोन वेण्या वर बांधलेली, आम्ही कधी विचारतोय याची वाट बघत असलेली.

सरांनी वाकून त्या माशासारख्या प्राण्याच्या पोटाखाली बघितलं. तिथं एक छोटी शेपटी बाहेर आली होती. “हे काय चिकटलंय?”

“बाळंत होऊन राहिली सर ती,” बुटकी म्हणाली. “ही अंडी घालत न्हाई. पाण्यातच पिल्लू होतं. शेपटीकडून.”

सर एकदम सरळ झाले. मला हसू आलं. मी कौतुकानंच विचारलं, “छान केलंय गं. आणि हा मोठा कुठला डायनासोर?”

“मॅडम, डायनासोर न्हाईत ते.”

“नाहीत कसे? त्याच काळातले ना?”

“त्याच काळातले हायत. पण मॅडम, आमच्या घराला लागून म्हशीचा गोठा हाय, म्हून आमी म्हशी होत न्हाई.”

सर मोठ्यानं हसले. शेजारच्या दोन टेबलांवरची मुलंही हसली. उंच मुलीनं हिच्या पाठीला चिमटा काढला असावा, कारण ही दचकली. मीही हसले, पण माझा चेहरा गरम झाला होता. मी म्हटलं, “बाळ, लोकांना कळेल असा शब्द वापरावा. सगळं जग यांना डायनासोर म्हणतं.” तिच्या डोळ्यांत राग नव्हता, नुसतं आश्चर्य होतं. आपल्या आधी मॅडमला हे माहीत असणार, असं ती धरून चालली होती.

मी शेऱ्याच्या कागदावर लिहिलं: ‘प्रतिकृती उत्तम. संज्ञांबाबत गोंधळ.’ आणि गुण दिले ते त्या शेऱ्याला शोभतील असेच. त्या मुलींचा नंबर आला नाही.

निकालानंतर त्यांच्या शिक्षिका मला शोधत आल्या. चाळिशीच्या, सडपातळ, खांद्याला पिशवी, सुती साडीवर लगद्याचा वाळलेला डाग. मला वाटलं आता ही भांडणार. प्रदर्शनात असं होतं, त्याची मला सवय होती. पण बाईंनी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं आणि विचारलं, “मॅडम, संज्ञांचा गोंधळ म्हणजे नेमका कुठं झाला? पोरी विचारून राहिल्यात. मला त्यांना नीट सांगावं लागंल.”

मी जे मुलीला सांगितलं होतं तेच त्यांना सांगितलं. डायनासोर हा शब्द रुळलेला आहे, तो घ्यायला हवा होता. त्यांनी ते शब्दन् शब्द लिहून घेतलं. मग म्हणाल्या, “बरं. मी बघते परत एकदा.” त्या ‘बघते’मध्ये टोमणा नव्हता. खरंच परत बघणार होत्या.

संध्याकाळी लातूरच्या बसस्थानकावर मी नांदेडच्या गाडीची वाट पाहत होते, तेव्हा पलीकडच्या फलाटावर त्या तिघी दिसल्या. माशासारखा प्राणी बाईंच्या कडेवर, मोठ्याचे दोन तुकडे करून ते दोरीनं बांधलेले, आणि लांब मानेचा काही केल्या एसटीच्या दारातून आत जाईना. शेवटी तो खिडकीतून तिरपा घातला. गाडी निघाली तेव्हा त्याची मान खिडकीबाहेर होती आणि बुटकी मुलगी ती दोन्ही हातांनी धरून बसली होती. कंडक्टर तिला काहीतरी विचारत होता आणि ती त्याला सांगत होती. काय सांगत असेल ते मला ऐकू येत नव्हतं, पण कळत होतं.

घरी आल्यावर दोन दिवस मी ते डोक्यातून काढायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी माळ्यावरची खोकी खाली घेतली. एम.एस्सी.चं जाडजूड पुस्तक सापडलं. त्यातल्या या प्राण्यांच्या पानावर माझ्याच अक्षरात पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ‘महत्त्वाचे. आठ मार्क.’ खाली मीच अधोरेखित केलेल्या ओळी. डायनासोर हे नाव जमिनीवरच्या एका विशिष्ट कुळाचं. पाय अंगाखाली खांबासारखे सरळ, खुब्याच्या हाडाची रचना वेगळी. समुद्रातले ते सरीसृप या कुळातले नाहीत. एवढंच नाही, तर ते एकमेकांचेही सख्खे नाहीत. इक्थिओसॉर वेगळा, प्लेसिओसॉर वेगळा, मोसासॉर आणखी वेगळा. जमिनीवरची निरनिराळी घराणी आपापल्या वाटेनं पाण्यात उतरली आणि समुद्रानं त्यांना घडवलं.

मी हे पाठ केलं होतं. लिहिलं होतं. आठपैकी मला सातही मिळाले असतील. आणि मग ते माझ्यातून असं गेलं, जसं कधी आलंच नव्हतं. त्या मुलीला कुणी मार्क देणार नव्हतं, तरी तिनं ते धरून ठेवलं होतं.

माझे यजमान रेल्वेच्या विभागीय कार्यालयात आहेत. चुका कागदावर कशा दुरुस्त करायच्या याचा त्यांना अनुभव आहे. ते म्हणाले, “निकाल लागून गेला. आता कशाला उकरतेस?”

“निकालाचं नाही. मी त्या पोरीला खोटं पाडलं.”

“मग पत्र लिही.”

“पत्र बाईंना जाईल. पोरीला काय कळणार?”

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाहिलं. मग म्हणाले, “शनिवारी सकाळची शाळा असेल. लवकर निघ.”

मुखेडला उतरून पुढं वडापच्या जीपनं मी त्या गावी पोचले तेव्हा शाळेची प्रार्थना संपून गेली होती. दोन रांगांत चार चार खोल्या, मध्ये कडुलिंब. बाईंनी मला फाटकातून येताना पाहिलं आणि त्यांना जराही नवल वाटलं नाही. जणू मी येणार हे ठरलेलंच होतं. खुर्ची दिली, पाणी दिलं, चहा सांगितला. मी म्हटलं, “बाई, मला तुमच्या आठवीच्या वर्गात दोन मिनिटं बोलायचं आहे.”

वर्गात पोरं उभी राहिली. वीस वर्षं मी वर्गांसमोर उभी राहत आलेय, पण त्या दिवशी पहिलं वाक्य मनात दोनदा जुळवून पाहिलं. मी म्हटलं, “लातूरला तुमच्या मैत्रिणींनी मला सांगितलं की समुद्रातले ते प्राणी डायनासोर नाहीत. मी म्हटलं, आहेत. त्यांचं बरोबर होतं. माझं चुकलं होतं. गोंधळ त्यांचा नव्हता, माझा होता.”

दुसऱ्या बाकावरून आवाज आला, “हाव मॅडम, आमाला मालूम होतं.”

अख्खा वर्ग खळाळून हसला. बाईंनी डोळे वटारले, “असं बोलतात का पाहुण्यांशी?” पण त्यांनाही हसू आवरत नव्हतं. बुटकी मुलगी मात्र हसत नव्हती. ती माझ्याकडं बघत होती. तास संपल्यावर माझ्याजवळ आली आणि हळूच म्हणाली, “तुमी एवढ्या लांबून ह्याच्यासाठीच आलाव?” मी हो म्हटलं. तिनं मान डोलावली आणि पळाली.

मग बाईंनी मला ती वही दाखवली. दोनशे पानी, पुठ्ठ्याला खाकी कव्हर. सुरुवात कशी झाली ते त्यांनी सांगितलं. विज्ञानाच्या पुस्तकातला ‘सरपटणारे प्राणी’ हा धडा चालू होता. कासव सरपटणारं, मगर सरपटणारी. एका पोरानं विचारलं, पूर्वी समुद्रात पण होते म्हणता, मग पाण्यात सरपटतेत कसं? “मला सांगता येईना, मॅडम. मी म्हटलं, उद्या सांगते. तो उद्या काय लवकर आला न्हाई.”

त्यांनी मोबाइलवर शोधलं, मुखेडच्या वाचनालयात शोधलं, एका जुन्या कोशाचे खंड मागवून घेतले. इंग्रजी वाचायला त्यांना वेळ लागायचा. एकेक शब्द उतरवून घ्यायच्या, बाजूला अर्थ. त्या वहीत मी पाहिलं: ‘सॉर म्हणजे सरडा. डायनो म्हणजे भयंकर. इक्थिओ म्हणजे मासा. प्लेसिओ म्हणजे जवळचा.’ खाली पोरांनी सुचवलेली मराठी नावं. इक्थिओसॉरला माशासरडा, हे लगेच ठरलं होतं. प्लेसिओसॉरवर मात्र वाद झालेला दिसत होता, कारण चार नावं खोडलेली होती.

“ह्याचं मूळ नाव पोरांना पसंत पडलं न्हाई,” बाई म्हणाल्या. “म्हणाले, एवढी लांब मान, आन् नाव काय तर जवळचा सरडा! ज्यानं नाव ठेवलं त्याला म्हणं वाटलं, माशासरड्यापेक्षा हा सरड्याच्या जास्त जवळ दिसतो. पोरं म्हणाली, त्यानं मान बघितली न्हाई का? मग आमी लांबमान्या ठेवलं.”

“आणि मोसासॉर?”

बाईंनी वहीचं पान उलटलं. तिथं एकच शब्द होता, मोठ्या अक्षरात, एकदाही न खोडलेला: ‘समुद्रघोरपड’.

“त्याचं नाव नदीवरून आहे,” मी म्हटलं. मी आता अभ्यास करून आले होते. “युरोपातल्या एका नदीच्या काठच्या खाणीत जबडा सापडला, म्हणून त्या नदीचा सरडा.”

“हाव. आमी पण त्या नदीपाशी अडकलो होतो. गोदावरीचं नाव द्यावं म्हणाले काही जण. पण तो काय गोदावरीत सापडला न्हाई, उगं खोटं कशाला? मग ह्या पोरीच्या आईनं सोडवलं.”

झालं होतं असं. मोठ्या मॉडेलचं काम बुटक्या मुलीच्या घरी ओसरीवर चालायचं, कारण शाळेत तेवढी जागा नव्हती. तिची आई रोज रानातून यायची, डोक्यावरचं ओझं उतरवायची आणि त्या अर्धवट जबड्याला वळसा घालून घरात जायची. एक दिवस थांबली. म्हणाली, “घोरपड करून राहिलाव का? लई मोठी केलीव.” पोरी हसल्या. त्यांनी दुसऱ्या दिवशी बाईंना गंमत म्हणून सांगितलं. बाई पण हसल्या. आणि घरी जाऊन त्यांनी पुन्हा शोधलं. तेव्हा त्यांना ते वाक्य सापडलं, जे माझ्या पुस्तकातही होतं आणि ज्याच्याखाली मी पेन्सिलीची रेघ ओढली नव्हती: मोसासॉरचे आजचे जवळचे नातलग म्हणजे घोरपडी आणि साप.

“मॅडम, माझ्या अंगावर काटा आला,” बाई म्हणाल्या. “मी महिना घालवला. त्या माउलीनं वझं उतरवता उतरवता वळखलं.”

मला त्या माउलीला भेटायचं होतं. शाळा सुटल्यावर मुलीच आम्हाला रानात घेऊन गेल्या. तुरीची कापणी चालू होती. मुलीची आई बांधावर आली, विळा खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं. लेकीसारखीच बुटकी आणि तशीच सरळ बघणारी. लेकीनं माझी ओळख करून दिली, “लातूरच्या मॅडम. त्याच.” त्या ‘त्याच’मध्ये माझा सगळा इतिहास आला.

मी विचारलं, “ताई, तुम्ही ती घोरपड आहे हे कशावरून ओळखलं?”

“काय माय, त्यात काय वळखायचं? जबडा तसाच. मागून रुंद, म्होरं निमुळता. आन् दात मागं वळलेले.” मग त्यांनी लेकीकडं बघितलं. “पण शेपूट चुकली होती पोरींची. उंदरावानी केली होती, गोल. मी म्हटलं, पाण्यातली हाय ना? मग चपटी करा.”

“पाण्यातली घोरपड तुम्ही पाहिलीय?”

“बघितली की. आमच्या माहेरच्या पाझर तलावात. पोहताना पाय आंगाला चिकटवती आन् निस्त्या शेपटीनं जाती. अशी.” त्यांनी दोन्ही हात अंगाला घट्ट लावले आणि कमरेपासून खाली एक हलकासा हेलकावा दिला. डावीकडं, उजवीकडं. लेक लाजली, “आई!” पण मी बघतच राहिले. मोसासॉर कसे पोहत असावेत हे समजावून सांगायला माझ्या पुस्तकात दीड पान खर्ची घातलंय. बांधावर उभ्या असलेल्या त्या बाईनं ते एका हेलकाव्यात दाखवलं होतं.

आम्ही बांधावर बसलो. त्यांनी डब्यातली भाकरी आणि ठेचा पुढं केला. खाता खाता त्यांनी विचारलं, “मॅडम, त्या समद्या मेल्या का?”

“हो. एकही उरली नाही.”

“कशानं?”

मी सांगितलं. आकाशातून फार मोठा दगड पृथ्वीवर आदळला, धुरळ्यानं सूर्य झाकला, समुद्रातलं खाणं संपलं. आणि साधारण त्याच काळात इकडं आपल्या भागात जमीन फाटून तापलेला रस वाहत होता, थरावर थर साचत होता. तो थिजला, त्याचा काळा खडक झाला, आणि त्या खडकाची पुढं ही काळी माती झाली.

त्यांनी हातातला घास ठेवला आणि बोटांनी ढेकूळ फोडून बघितलं. “ही?”

“हीच.”

“आन् एवढं समदं झालं, तर मग रानातली घोरपड कशी वाचली?”

हा प्रश्न मला वर्गात कधी कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, “अगदी ठामपणे सांगता येत नाही ताई. पण त्या वेळी तिच्या कुळातले काही लहान होते. मिळेल ते खाणारे होते. लपायला बीळ होतं.”

“हाव,” त्या म्हणाल्या, “बीळ पायजेच.” आणि घास उचलला.

परत येताना मी सारखी पायाखालच्या मातीकडं बघत होते. बाईंनी विचारलं, मॅडम, बरं वाटंना का? मी म्हटलं, छान वाटतंय. खरंच छान वाटत होतं. ज्या शब्दावरून मी अडून बसले होते तो शब्द किती लोकांनी मिळून, किती कष्टानं बाजूला सारला होता! एका मुलाचा प्रश्न, एका शिक्षिकेचा महिना, दोन मुलींचे हात, आणि एका बाईची तलावाकाठची नजर. यातल्या कुणालाच त्यातून काही मिळणार नव्हतं. नांदेड, लातूर, कुठंही खणलं तरी तो प्राणी सापडणार नाही. आपला खडक तसा नाही. कच्छमध्ये माशासरड्याची हाडं सापडली आहेत, ते सगळ्यात जवळचं ठिकाण. आणि तरीही त्या गावात आठवीतल्या पोरांना माशासरडा आणि समुद्रघोरपड यांच्यातला फरक तोंडपाठ होता. पाठ केलेला नव्हे, समजलेला.

मी प्रदर्शनाच्या समितीला पत्र लिहिलं. माझा शेरा चुकीचा होता, मुलींची मांडणी शास्त्रशुद्ध होती, असं स्पष्ट लिहून सही केली. निकाल बदलत नाही, असं उत्तर आलं. ते मला अपेक्षितच होतं. पण पत्राची प्रत शाळेला गेली, आणि बाईंनी ती परिपाठाला वाचून दाखवली म्हणे.

आमच्या महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात एक लांब खोली आहे. काचेच्या बरण्यांत साप आणि मासे, भिंतीला लागून रिकामी कपाटं. मी प्राचार्यांना विचारून ती तीन मॉडेल तिथं आणवली. मुलींनी आधी त्यांची डागडुजी केली, समुद्रघोरपडीची शेपटी आणखी चपटी केली. लावायला पाट्या करायचं ठरलं तेव्हा आमच्या मराठी विभागातल्या सरांनी मोठी हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, शासकीय परिभाषेत शब्द आहे, सागरी सरीसृप. तोच लिहावा. समुद्रघोरपड वगैरे पोरखेळ वाटतो.

त्या दिवशी बाई आलेल्या होत्या. त्या नम्रपणे म्हणाल्या, “सर, तुमी मोठे. पण सरीसृप म्हणजे पण सरपटणाराच ना? संस्कृतात सरपटला म्हणून पाण्यात पोहायला लागंल का?”

सर चष्मा काढून पुसू लागले. मला वाटलं ते चिडले. पण ते म्हणाले, “धातू सृप्. सरपटणेच.” मग हसले, “बाई, तुम्ही मराठी का घेतलं नाही?”

“घेतलं होतं सर. बी.ए. मराठीच हाय माझं. विज्ञान मी शाळेत शिकवायला लागल्यावर शिकले.”

हे मला तोवर माहीत नव्हतं. त्या सगळ्या वहीचा अर्थ मला त्या क्षणी नव्यानं लागला. ज्यांना जीवशास्त्राची एकही परीक्षा द्यावी लागली नाही, त्या बाईंनी शब्दाच्या वाटेनं प्राण्यापर्यंत जाऊन दाखवलं होतं. मी उलट्या वाटेनं गेले होते आणि मध्येच शब्द सांडला होता.

पाट्यांवर शेवटी दोन्ही आलं. वर ‘सागरी सरीसृप’, आणि खाली ठळक अक्षरात माशासरडा, लांबमान्या, समुद्रघोरपड. आमच्याकडं पहिल्या वर्षाला येणारी मुलं वरची ओळ वाचत नाहीत. खालची वाचतात आणि थांबतात.

बुटकी मुलगी आता लातूरला बारावीला आहे. तिथं तिचं कसं चाललंय म्हणून मी मध्यंतरी फोन केला. म्हणाली, “पाठांतर लई हाय मॅडम. पण मी एक करते. शब्द आला की आधी तो कुठून आला ते बघते. मग विसरत न्हाई.” उंच मुलगी मुखेडलाच कला शाखेला गेली. ती चित्रं काढते, आणि आमच्या खोलीतल्या भिंतीवरचा समुद्र तिनंच रंगवलाय. चार दिवस रोज एसटीनं येऊन-जाऊन.

बाईंची बदली भोकर तालुक्यात झाली. तिथली शाळा लहान, दोन शिक्षकी. मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेले तेव्हा नवी वही सुरू झालेली होती; तिच्या पहिल्या पानावर डायनासोरच्या सरळ पायांचं चित्र होतं. शाळेच्या पायरीवर पोरं बसली होती आणि समोर आवारात कुणाच्या तरी घरच्या कोंबड्या दाणे टिपत होत्या. बाई म्हणाल्या, “मॅडम, बरं झालं आलात. एक विचारायचं होतं. पाण्यातले ते डायनासोर नव्हते. आकाशातले मोठ्या पंखाचे, ते पण नव्हते म्हणतात. आन् परवा वाचलं की पक्षी मात्र हायत. म्हणजे ह्या कोंबड्या पण? खरं हाय का हे?”

“खरं आहे,” मी म्हटलं. या वेळी मी आधीच पुस्तक उघडून बघितलं होतं.

पोरांच्या माना एकदम कोंबड्यांकडं वळल्या. एक लहानगी उठली, पायरी उतरली आणि दोन हात मागं बांधून एका तांबड्या कोंबडीच्या पायांकडं अगदी जवळून, वाकून बघू लागली. कोंबडीनं मान वळवून तिच्याकडं एका डोळ्यानं पाहिलं आणि पुन्हा दाणे टिपायला लागली. “बाई,” ती मुलगी न वळता म्हणाली, “हिचे पाय खरंच आंगाखाली सरळ हायत.”

बाईंनी पेनाचं टोपण उघडलं आणि ते वाक्य तिच्या नावासकट वहीत लिहून घेतलं.